फियाटचा तिसरा खटका

३ ऑगस्ट २००३, रविवार

सिमेंट कंपनीची ही डायरी आमच्या विटा-वाळूवाल्या गेनबाने जानेवारीत दिली होती. तेव्हापासून टीव्हीखाली कोरी पडून होती. आज तिला काम लागलं, कारण आज मलाही काम लागलं. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं, तर सोसायटीच्या पंपाचा स्टार्टर दुरुस्त केला, एवढंच सांगता येईल.

सकाळी अमेरिकेहून नम्रताचा फोन. लेक परत येते आहे, कायमची. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी ठरली. बायकोने, विजयमालाने, रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला आणि रडायलाच लागली. मी रडलो नाही, तारीख विचारली. बावीस ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर. दिल्लीहून विमान, संध्याकाळी लोहगावला उतरणार.

"टॅक्सी-बिक्सी करायची नाही," मी सांगून टाकलं. "मी आपली गाडी घेऊन येतो."

पलीकडून आधी 'बरं' आलं. मग म्हणते, "बाबा, दिवे लागतात का तिचे?"

पोरगी विसरलेली नाही. चार वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा मुंबईच्या बसपर्यंत मी तिला आमच्या फियाटमधून सोडणार होतो. सहासष्ट सालची फियाट, माझ्या पहिल्या फोरमनकडून घेतलेली, दाराच्या कड्या अजून मूळच्या. वारज्याच्या नाक्यावर पोचलो आणि दिवे गेले. शेवटी गेनबाने विटांचा टेम्पो काढला, आणि आमच्या घराण्यातली पहिली मुलगी परदेशी निघाली ती विटांच्या धुरळ्यात बसून. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी कुणाला बोललो नाही. इथे लिहितो. फार लाज वाटली.

या वेळी तसं होणार नाही. शब्द दिला आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

अंधार पडल्यावर गाडी काढून पाहिली. दिवे लागतात, पण नुसते कंदील. समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांना चारी बाजूंनी काटे फुटतात आणि माझा उजेड रस्त्यापर्यंत पोचतच नाही. सदतीस वर्षांचं वायरिंग, दुसरं काय होणार? डॅशबोर्डवरचे चारही खटके नवे बसवायचे आणि तिथून दिव्यांपर्यंत सगळी वायर नवी ओढायची. हे काम दुसऱ्याच्या हाती देणार नाही. मी सव्वीस वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला काढली आहेत.

परत येताना रावसाहेब काकडे बाल्कनीत उभे होते. आमच्या सोसायटीचे चिटणीस, मूळचे सदाशिव पेठेतले. कपाळावर हात आडवा धरून ओरडले, "अहो उत्तरेश्वर, केवढे हे दिवे! आमच्या देव्हाऱ्यापर्यंत उजेड आला. डोळे दिपले माझे!"

मराठवाड्यातून इथे येऊन मला तीस वर्षं झाली. पुण्यातला टोमणा ओळखण्याइतका मी पुणेकर झालो आहे. दिवे मंद आहेत हे सरळ सांगायला यांच्या घरचं काय जातं? गाडी लावली आणि वर आलो.

१० ऑगस्ट, रविवार

दिव्याच्या टोकाला मीटर लावलं. मीटरवरचे आकडे आता पुसट झाले आहेत, म्हणून वाचायला विजयमालाला उभं केलं. साडेबारा व्होल्ट म्हणाली. पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा साडेबाराच. म्हणजे बॅटरीत जेवढं आहे तेवढं सगळं दिव्यापर्यंत येतं आहे. मग दिवे लख्ख पेटायला हवेत.

"मीटर खोटं बोलत असेल," मी म्हणालो.

"नाहीतर?"

"नाहीतर काय?"

"काही नाही. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा..."

"गाडीचे दिवे बघायला डोळ्यांचा डॉक्टर?" मी पोट धरून हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

उद्यापासून ती रोज सकाळी योगवर्गाला जाणार आहे. दिवसभर शिवणवर्ग घेत यंत्रावर बसून बाईचे गुडघे धरतात. मी म्हटलं, अवश्य जा.

२० ऑगस्ट, बुधवार

बुधवार पेठेत वायर आणायला गेलो. चार रंग ठरवून गेलो होतो. मोठ्या दिव्यांना निळी, वायपरला हिरवी, छोट्या दिव्यांना पिवळी आणि डॅशबोर्डच्या दिव्याला पांढरी. दुकानदाराने पांढरी म्हणून चक्क पिवळी काढून ठेवली.

"ही पांढरी?" मी विचारलं.

"पांढरीच आहे, काका."

"मला रंग शिकवू नका. सव्वीस वर्षं वायरींत गेली माझी."

"नाही शिकवत. शिकवायला वेळ कुणाला आहे? ही घ्या पिवळी. दोन्ही शेजारी शेजारी धरा, कुठली कुठली ते ठरवा. मी तोवर जेवून येतो."

आणि खरोखरच गेला! आजकाल माल असाच येतो. परदेशी कंपन्यांना दारं उघडल्यापासून दुकानात वस्तू ढीगभर, पण रंगाला रंग उरलेला नाही. छापील कागदाचंही तेच. वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केली आहे. विजयमालाला तसं म्हटलं तर म्हणाली, "हो, आणि चंद्रावर कुणीतरी धूळ टाकलीये." हिच्यावर पुण्याचा परिणाम माझ्याहून जास्त झाला आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

डॅशबोर्ड उघडला. जुन्या वायरी हातात घेतल्या की आवरण पापडासारखं तुटतं. सीट काढून खाली उताणा झोपलो, पाय दाराबाहेर. गेनबा येऊन पायांशीच बोलत उभा राहिला. आमची सोसायटी उभी आहे ती याच्याच ज्वारीच्या रानात. आता त्याचा विटा-वाळूचा धंदा आहे, दोन टेम्पो, एक ट्रॅक्टर आणि एक सुमो.

"सायेब, कशापायी एवढा कुटाणा? दिवं झ्याक हायत की गाडीचं."

"गेनबा, तुला ते कळायचं नाही."

"न्हाय, मला न्हाय कळत. पर वहिनींस्नी लई कळतं," म्हणाला आणि हसत निघून गेला. हिला वायरिंगमधलं काय कळणार? पण गेनबा मनाने चांगला आहे, म्हणून सोडून दिलं.

७ सप्टेंबर, रविवार

योगवर्गाबद्दल मला शंका यायला लागली आहे. विजयमाला जेवताना टेबलाखाली डावा पाय दाबते आणि हळूहळू वर उचलते. काल टीव्ही बघताना डावा हात हवेत पुढे-मागे करत होती. विचारलं तर म्हणाली, आसन आहे. आज सकाळी घामाघूम होऊन आली आणि दारातच म्हणाली, "आज चढावर थांबले आणि मागे न जाता परत निघाले!"

"हे कुठलं आसन?"

"नवीन आहे," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

इतकी खूश होती की आणखी विचारलं नाही. मास्तर कुणी का असेना, बाईच्या चेहऱ्यावर तजेला आला आहे. म्हणजे आवाजावरून तसं वाटतं.

२१ सप्टेंबर, रविवार

नाना पेठेतून आणलेले चारही खटके बसले. काळे, गोल, ओढायचे. डावीकडून पहिला मोठ्या दिव्यांचा, दुसरा छोट्या दिव्यांचा, तिसरा वायपरचा, चौथा डॅशबोर्डच्या दिव्याचा. आज वायरी पुढे नेऊन तिकडची टोकं जोडली. संध्याकाळ होत आली होती, पण मला काही वाटलं नाही. कारखान्यात आमचा नियमच होता, एकदा रंग ठरला की ठरला. रंग म्हणजे कायदा. दर वायरीला टेस्ट लॅम्प लावून बघणारी माणसं असतात, पण त्यांचा स्वतःच्या कामावर भरवसा नसतो.

विजयमाला ब्लाउज हातात घेऊन खाली आली. "अहो, ती हिरवी आहे. तुम्ही निळी म्हणून जोडताय."

"तुझे दोरे वेगळे, माझ्या वायरी वेगळ्या."

"रंग तेच असतात."

मी जोड आवळत राहिलो. तिने बराच वेळ तिथेच उभं राहून माझ्याकडे पाहिलं असावं, कारण वर जाणाऱ्या चपलांचा आवाज उशिरा आला.

५ ऑक्टोबर, रविवार, दसरा

घडलं ते घडलं, लिहून टाकतो.

फियाटला झेंडूचा भला मोठा हार घातला. तो विंडस्क्रीनवर आडवा आला होता. सोसायटी जमली. रावसाहेबांनी नारळ फोडला. मी आत बसून सगळ्यांना म्हणालो, "आता दिवे बघा," आणि पहिला खटका ओढला. दिवे लागले नाहीत. वायपर सुरू झाले आणि त्यांनी हार उचलून थेट रावसाहेबांच्या गळ्यात टाकला. अर्धाच पडला, पण टाळ्या पूर्ण झाल्या.

मग मी एकेक ओढून पाहिला. मोठे दिवे तिसऱ्याला लागतात. छोटे दिवे चौथ्याला. डॅशबोर्डचा दिवा दुसऱ्याला. त्या दुकानदाराने चारही वायरी चुकीच्या रंगाच्या दिल्या आहेत, हे आता सिद्ध झालं. लोकांना मी सांगितलं की चोराची फसगत व्हावी म्हणून मुद्दाम तशी रचना केली आहे. रावसाहेब पाकळ्या झटकत म्हणाले, "वा! चोर बिचारा कोरडी काच पुसत बसेल."

सगळं पुन्हा उघडायचं म्हणजे पंधरा दिवस गेले. दिवाळीनंतर बघू. विजयमालाने मात्र हे फार गंभीरपणे घेतलं. ड्रायव्हरच्या जागेवर बसली, डोळे मिटून चारही खटके हाताने चाचपले आणि पुटपुटली, "वायपर, डॅशबोर्ड, मोठे, छोटे." हिला कशाला पाठ करायचं होतं, कोण जाणे.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. एवढं करून दिवे मंद ते मंदच.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

लोहगावच्या तयारीसाठी संध्याकाळी बायपासवर गाडी काढली. विजयमाला शेजारी. समोर रस्ता मोकळा होता. एकदम ती किंचाळली, "क्लच! ब्रेक!" मी दोन्ही दाबले. गाडी थांबली तेव्हा बॉनेटपुढे हातभर अंतरावर विटांची ट्रॉली उभी होती. कुठून आली कळलं नाही. ट्रॉलीवाल्याच्या नावाने शिव्या घालत उतरलो. मागे दिवा नाही, काही नाही, माणसं मरतील अशाने!

ट्रॉली गेनबाचीच निघाली. टायर बदलत होता. माझ्या शिव्या संपेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "सायेब, दोन दिवं हायत की वो मागं. लाल. पेटल्यात. रेडियमची पट्टी बी हाय." मी जवळ गेलो. अगदी जवळ गेल्यावर दिसले.

घरापर्यंत गाडी गेनबाने आणली. क्लच आधी आणि ब्रेक मग, हे हिला नेमकं कसं सुचलं, याचंही आश्चर्य वाटलं, पण ते विचारायची वेळ नव्हती. ती माझ्या शेजारी बसली होती. आणखी हातभर, आणि ती बसली होती त्या बाजूलाच ट्रॉलीचा कोपरा होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवे मंद नाहीत. मीटर खरं बोलत होतं. मला हे कधीपासून माहीत होतं, ते मी स्वतःला विचारत नाही.

माझे आप्पा साठीला आले तेव्हा गावाकडच्या शिबिरात त्यांचा डोळा कापला होता. पट्टी सोडली आणि त्यांनी विचारलं, "अजून रात्रच हाय का?" नंतरची अकरा वर्षं ते ओसरीवर बसून लोकांना पावलांवरून ओळखायचे. मला त्या पट्टीची भीती वाटते. आज सकाळी हे विजयमालाला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने शिवण बाजूला ठेवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी आहे ना. मला दिसतंय."

११ ऑक्टोबर, शनिवार

सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रिक्षातून उतरल्यावर रस्त्यापलीकडे दवाखान्याची पाटी होती. मला पाटी आहे एवढं दिसलं. विजयमालाने वाचून दाखवली, "ही पाटी इथून वाचता आली तर सावकाश या. आली नाही तर आजच या."

"अक्षर बारीक आहे," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. "फूटभरच आहे."

डॉक्टर पूर्णिमाबाई नम्रताच्याच वयाच्या. मोतीबिंदू, दोन्हीकडे, उजव्यात चांगलाच पिकलेला. "निळा आणि हिरवा सारखे दिसतात का? पांढरं पिवळट?" मी म्हटलं, दुकानदार चोर आहे. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. आधी उजवा डोळा मंगळवारी. शिबिराचे दिवस गेले, म्हणाल्या, आता बारीकशी चीर, आत नवं भिंग, त्याच दिवशी घरी.

"आणि बावीस तारखेला गाडी चालवायची आहे," मी म्हणालो.

"महिनाभर नाही."

बाहेर आल्यावर मी बाकावर बसून राहिलो. लेकीला दिलेला शब्द मोडला. आता पुन्हा गेनबाचंच वाहन. जाताना टेम्पो, येताना सुमो, एवढीच काय ती प्रगती. विजयमाला म्हणाली, "उठा, होईल काहीतरी." हिचा हा निर्धास्तपणा मला जरा लागला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल ऑपरेशन झालं. आज सकाळी पट्टी काढली.

रात्र नव्हती.

आधी खिडकी दिसली. मग खिडकीतलं आकाश, आणि ते इतकं निळं होतं की मी डॉक्टरांना विचारलं, हे असंच असतं का? मग विजयमाला दिसली. लग्नाच्या वाढदिवसाला मी स्वतः निवडून आणलेली हिरवी साडी नेसली होती. ती साडी निळी आहे. डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला की हिरवी, उलट केलं की निळी. तीन-चारदा करून पाहिलं. तशातच वायरी आठवल्या. बुधवार पेठेतल्या त्या दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

मग हिचे केस पाहिले.

"एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही दिवे दुरुस्त करत होता तेव्हा," ती म्हणाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पडून राहायचं, थेंब घालायचे, वाकायचं नाही. दुपारी डोळा लागला होता, तर माझ्या फियाटचा आवाज आला. तो आवाज मी शंभर गाड्यांत ओळखेन. सुरू झाली, गेली, आणि बऱ्याच वेळाने आली. खिडकीकडे जाईपर्यंत गाडी जागेवर आणि शेजारी गेनबा.

"बॅटरी उतरंल म्हणून जरा फिरवली, सायेब," खालून ओरडला.

चांगला माणूस. पण काल आणि परवाही फिरवली होती. बॅटरी एवढी कुठे उतरते? विजयमाला नेमकी या वेळी रोज दोरे आणायला जाते, नाहीतर तिला लक्ष ठेवायला सांगितलं असतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहायला वेळ नव्हता. आज सावकाश लिहितो, एकही गोष्ट गाळणार नाही.

दुपारी मी इस्त्रीचा शर्ट आणि डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा घालून खाली आलो. गेनबा पायीच आला होता.

"सुमो कुठाय?"

"ग्यारेजला. पर गाडी हाय की तुमची."

"चालवणार कोण? तू?"

"म्या न्हाय बा! त्या खटक्यांचं मला काय बी उमजत न्हाय."

त्याच्या मागून विजयमाला आली. निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, नाकावर चष्मा आणि हातात किल्ली. मी किल्लीकडे बघत राहिलो. तिने पर्समधून लायसन काढून माझ्यासमोर धरलं. मला वाचता आलं. फोटोत ती हसते आहे.

"योगवर्ग?" मी विचारलं.

"सोडला नाही एक दिवसही," ती म्हणाली. "तुम्ही लेकीला शब्द दिलात त्या दिवशीच ठरवलं. तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही ऐकत नव्हता. पण शब्द पडू द्यायचा नव्हता तुमचा. बसा आता, उशीर होतोय."

मी डावीकडे बसलो. त्या गाडीत मी डावीकडे कधीच बसलो नव्हतो. तिथून ती मोठी वाटते.

कर्वे रस्त्यावर माझा उजवा पाय सतत ब्रेक दाबत होता, तिथे ब्रेक नसताना. ती सावकाश चालवत होती. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, "आजी, उद्या पोचाल!"

ती समोर बघतच म्हणाली, "घाई असती तर तुझीच रिक्षा केली असती ना, बाळा." रिक्षावाला हसून पुढे गेला. पुण्याची झाली आहे बाई, पूर्ण.

विमान वेळेवर आलं. नम्रता ट्रॉली ढकलत बाहेर आली, गाडी पाहिली, ड्रायव्हरच्या जागेवर आई पाहिली आणि तिथेच सामान सोडून धावली. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा नाइलाज झाला.

येरवड्यापाशी अंधार पडला. विजयमालाने नजर रस्त्यावर ठेवून नुसता हात पुढे केला आणि तिसरा खटका ओढला. दिवे लागले. मागून नम्रता म्हणाली, "आई, तो तर वायपरचा होता ना?"

"तुझ्या बाबांनी माझ्यासाठी खास बसवलाय," ती म्हणाली.

रस्ता पार पुढच्या चौकापर्यंत दिसत होता. मी रस्ता बघत बसलो. आज लिहितो. त्या बाईचा मला इतका अभिमान वाटला की बोलायला गेलो असतो तर डोळ्याचं पुन्हा तेच झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुसराही डोळा झाला आणि काल डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. दवाखान्याची पाटी मी रस्त्यापलीकडून स्वतः वाचली, मोठ्याने.

आज सकाळी पक्कड आणि पेचकस घेऊन डॅशबोर्ड उघडला. सगळं दिसतं आहे. निळी निळी आहे, हिरवी हिरवी, पांढरी दुधासारखी पांढरी. आणि कुठलीही वायर जिथे जायला हवी तिथे गेलेली नाही. आयुष्यात एवढं वाईट काम मी केलं नव्हतं. पहिला स्क्रू ढिला केला, तोच विजयमाला चहा घेऊन आली.

"काय करताय?"

"चूक दुरुस्त करतोय."

"हात लावायचा नाही." कप बॉनेटवर ठेवून ती दारात उभी राहिली. "माझा हात बसलाय त्यावर. मंगळवारी शिवणवर्गाच्या बायकांना खडकवासल्याला नेणार आहे मी. ऐन अंधारात दिव्यांच्या जागी वायपर नाचायला लागले तर?"

"अगं, पण हे चूक आहे. रंग म्हणजे..."

"तुमचा कायदा रंगाचा. माझा हाताचा."

सव्वीस वर्षांत मी चुकीचं जोडलेलं काम कधी तसंच सोडलं नव्हतं. ढिला केलेला स्क्रू पुन्हा आवळला, फडक्याने डॅशबोर्ड पुसला आणि चहा प्यायलो.

दिवेलागणीला तिघं फिरायला निघालो. मी ड्रायव्हरच्या जागेवर, कितीतरी दिवसांनी. पाठ सरळ केली, किल्ली फिरवली आणि सवयीने पहिला खटका ओढला. कोरड्या काचेवर वायपर खरखर करू लागले. मागे नम्रता खो खो हसत सुटली.

"अहो," विजयमाला शेजारून म्हणाली, "तिसरा."

तिसरा ओढला. उजेड थेट रावसाहेबांच्या बाल्कनीत गेला. ते डोळ्यांवर हात धरून बाहेर आले. त्यांच्या मागे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मला खालून दिसला, मुकुटासकट.

मी खिडकीतून डोकं काढून मनापासून म्हणालो, "रावसाहेब, माफ करा. फारच प्रखर आहेत हो दिवे. तुमचं बरोबर होतं."

"टोमणे मारू नका, उत्तरेश्वर!" ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

"चला," विजयमाला म्हणाली. "क्लच हळू सोडा."

मी हळू सोडला.